कुणाचं कुणाला

न्हाई न्हाई, खाली कावून बसता, आत्याबाई? खाटंवर बसा. पाणी ठिवलंय. प्या, न्हाई तर राहू द्या — तांब्या माझा न्हाई, वहिनीचा हाय, हे आधीच सांगते, उगं इचार करत बसू नका. आता सांगा, कोण आलंय संगं? गाडी कुठं लावली? एसटीनं? पालीहून दिंद्रुडला, तुमी, एकट्या, एसटीनं? कपिलधारला दर्शनाला जायचं म्हणलं तरी ज्यांच्या दारात जीप लागती, त्या सुंदररावांच्या मंडळी भर उन्हात फाट्यावरनं पायी चालत आल्या — आन कुणाकडं, तर घरातनं काढून दिलेल्या सुनंकडं. पटतंय का तुमाला तरी? मला न्हाई पटत. मी शक घेतेय असं वाटत आसंल तर वाटू द्या. शक घ्यायला मी तुमच्याच घरात शिकले.

मामांनी पाठवलं का? फारकतीवर सही पाहिजे का माझी? न्हाई म्हणताय. मंग संस्कृतीला न्यायला आलाव — आजीला नातीची आठवण आली, आसंच ना? ती शाळेत हाय. आन न्यायचं नाव काढू नका, दादा गिरणीवर हाय, हाकंवर. माऊलीदादा माझ्यासारखा गुमान ऐकून घेणारा न्हाई. पोरगी चांगली हाय, तपासलंय तिला, काय न्हाई निघालं. जन्मली त्याच दिवशी दवाखान्यात टोचलं होतं म्हून वाचली. हे तुमाला कुणी सांगितलं नसंल. कोण सांगणार? घरच्या फोनवर माझा आवाज आला की ठिवूनच देताव तुमी. मी बी आता गिरणीवर बसत न्हाई — बसत होते, आल्या आल्या, दादाला तेवढीच मदत — पर बाया इचारायला लागल्या, दळण तू टाकलंस का तुज्या दादानं? सरळ न्हाई इचारत, आडून, हसून. आन दुसऱ्या खेपंला डबा उचलून पलीकडच्या गिरणीवर. 'पांढऱ्या काविळीची' — हे नाव काय मी सवताला ठिवलं? पालीतली गोष्ट दिंद्रुडात माझ्या आधी पोचली होती, आत्याबाई. कशी पोचली ते तुमी सांगा.

बोलू नका, ऐका. तुमाला सगळं ठावं हाय, तरी सांगते, कारण तवा मला कुणी तोंड उघडू दिलं न्हाई. सायबांच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर — मामांनीच भरवलं होतं, निवडणूक जवळ आलेली, मंडप घातला, बॅनर लावले — आन पहिलं रक्त कुणी द्यायचं, तर आपल्या अंगदनी. नाव घेते आज नवऱ्याचं, घेऊ द्या. हार घातला, फोटो काढला, केळं खाऊन घरी आले. मंग रक्तपेढीतनं फोन — तुमचं रक्त चालत न्हाई, हिपॅटायटिस बी हाय, पांढरी कावीळ म्हणतात ती, दवाखान्यात या. मंग माझं तपासलं, मला बी निघालं. मंग तुमचं तपासलं, तुमाला बी. आन त्या दिवशी संध्याकाळी मामा ओसरीवर बसलेले, तुमी चौकट धरून उभ्या, आन तुमी म्हणलाव — शब्दान शब्द ध्यानात हाय माझ्या — 'हिच्या माहेरच्या रक्तानं घर नासलं.' माहेरचं रक्त! संस्कृतीच्या टायमाला माजलगावला मला रक्त चढवलं, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हून ते माहेरचं — जसं काय दादानंच बादलीतनं आणून वतलं. झाला निकाल. त्या रक्तातनं मला, माझ्यापासनं तुमच्या लेकाला, आन माझ्या हातच्या भाकरी खाऊन तुमाला. भाकरीतनं येत न्हाई हो ते. ताटातनं येत न्हाई, बाजंवर बसून येत न्हाई, डॉक्टर तवाच घसा कोरडा करून सांगत होते. रक्तातनं येतं, नवरा-बायकोत येतं, न्हाई तर — जाऊ द्या. तुमी माझं ताट येगळं केलं, माझी धुणी येगळी केली, आन दिवाळीच्या आधी दादाला फोन लावला, बहिणीला घेऊन जावा म्हून. तुमचा अंगद काय करत होता तवा? खाली मान घालून मोबाईल बघत होता. मोबाईल बंद होता, आत्याबाई. मी मागं उभी होते, मला दिसत होतं.

तर आता सांगा, का आलाव? मगापासनं पदराचं टोक पिळताय. कुणी गेलं का? न्हाई ना? मंग बोला की. काय? मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई... रोहिणीला? रोहिणीला बी निघालं? आदिनाथ भाऊजींच्या बायकोला?

आरं देवा. पोटुशी हाय ना ती? त्याच तपासणीत निघालं?

थांबा. परत सांगा, काय इचारलं तुमी? 'तू तिला कधी भेटलीस का.' 'कधी काय खायला दिलं का.' — हां! आता कळलं मला. आता ध्यानात आलं एसटीनं कावून आलाव ते. आवो, मी त्या पोरीला फोटोत बघितलंय फक्त, कुणीतरी मोबाईलवर लग्नाचे फोटो दाखवले तवा! मी दिवाळीला गेले, ती पुढच्या उन्हाळ्यात आली. तिनं माझ्या हातचा पाण्याचा घोट घेतला न्हाई, माझ्या सावलीला उभी राह्यली न्हाई. मंग कसा गेला? दिंद्रुडवरनं वाऱ्यावर उडत गेला का पालीला? भिंतीला लावून ठिवलं होतं का मी? म्हंजी मी घरात होते तवा मी, आन मी घरात न्हाई तवा बी मीच! तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला, तुमी नुसतं इचारताय असं म्हणताय, पर तसल्याच नुसत्या इचारण्यानं मी हितं येऊन बसलेय.

तर मंग ऐकाच. सांगणार न्हवते. शब्द दिलता कुणाला तरी. पर ऐका.

त्या दवाखान्यातल्या म्याडम आठवतात का? जीप घेऊन आलत्या पालीला, ज्या घरात दोघा-तिघांना हाय त्यांचं रक्त नेत होत्या? तुमी दिलं, अंगदनी दिलं, मला हितनं बोलावून घेतलं — ओट्यावर बसवून घेतलं माझं, उंबऱ्याच्या आत न्हाई येऊ दिलं तुमी. आन भाऊजी म्हणले, मला काय झालं न्हाई, मी कावून देऊ, आन मोटारसायकलला किक मारून गेले. त्या रक्ताचं काय केलं त्येंनी? तुमाला वाटलं आसंल टाकून दिलं. न्हाई. मिळवून बघितलं. तुमच्या अंगातला विषाणू, अंगदच्या अंगातला, माझ्या अंगातला — शेजारी-शेजारी ठिवून, अक्षराला अक्षर लावून बघितलं, कुठं सारखा हाय, कुठं फरक हाय. तसं कळतं म्हणे, कुणाचा कुणाच्या जवळचा ते. आमी इचारलं म्याडमला, असं कसं कळतं —

आमी म्हंजी... आमी म्हंजी मी आन कोण, तुमचा ल्योकच. झालं, निसटलं तोंडातनं. हां, भेटतो आमी. गोळ्या घ्यायला एकाच दिवशी जातो दवाखान्यात. ते तुमाला सांगतात ना, खताचं बघायला बीडला चाललो — कसलं खत! बाकड्यावर बसतो दोघं शेजारी, तुमी बांधून दिलेला डबा सोडतो, शेंगाची चटणी तुमच्या हातची, लगेच वळखते मी. सांगा मामांना खुशाल, काढा त्यांना बी घराबाहेर. नवरा हाय माझा. घाबरट हाय, पर माझा हाय.

तर म्याडमनी सांगितलं, त्यो विषाणू अंगात सवताच्या नकला काढत राहतो, ढिगानं. नक्कल काढताना मधीच कुठं तरी चुकतो. आन मंग ती चूक बी पुढच्या नकलंत जाती, तिच्या पुढच्या नकलंत जाती. म्हून दोघांच्यात सारख्याच चुका दिसल्या की समजायचं, ह्यो एकाच घरचा. आन फरक जितका जास्ती, तितकी वर्सं झाली येगळं होऊन. मला काय चटकन उमगलं न्हाई. मंग मी म्हणलं म्याडमला, म्हंजी आमच्या पाळण्यासारखं का? बगा, सगळं गाव पाळणा म्हणतं तवा 'चंदनाचा पाळणा' म्हणतं. तुमी एकट्या 'चांदण्याचा' म्हणता. शेजारी एका नामकरणाला मी हितं 'चांदण्याचा' म्हणलं तर आमच्या बाया हसायला लागल्या, हे कुठलं शिकून आलीस गं? कुठलं शिकणार! अंगद पोरीला झोपवताना तसंच म्हणायचे, त्यांच्याकडनं माझ्या तोंडात बसलं. म्याडम हसल्या, म्हणल्या, अगदी तसंच. तुमच्यातला नवऱ्याच्या विषाणूशी जुळतो, पर नवऱ्यातला लई जुना हाय, तुमच्यातला नवाच आलेला दिसतो. चढवलेल्या रक्तातनं आला असता तर तुमच्यातला जुना दिसला असता. ऐकलं का? माहेरच्या रक्तातनं न्हाई आला. माझ्याकडनं अंगदला न्हाई गेला, अंगदकडनं मला आला. आन अंगदनी ते 'चांदण्याचा' कुणाकडनं उचललं, तर लहानपणी पाळण्यातच, त्यांच्या —

...

आत्याबाई? पाणी घ्या. घ्या की. अशा बघू नका माझ्याकडं.

न्हाई, तसं न्हाई, मी पाळण्याचं बोलत होते. गाण्याचं. मला काय कळतंय त्यातलं, सातवी शिकलेली बाई मी. म्याडम बी चुकत असतील — इतक्या नळ्या, एक हिकडची तिकडं झाली आसंल. त्याच म्हणल्या, शंभर टक्के कुणीच सांगू शकत न्हाई म्हून. म्हणल्या, खरंच! मंग? माजलगावचंच रक्त आसंल. तेच आसंल. तुमी म्हणत होताव तेच बरोबर, माझ्याकडनंच आलं सगळं, मला कबूल हाय. चला, ओसरीवर चार माणसांत म्हणते. मान कावून हलवताय? इतके दिवस मी रडून सांगत होते माझ्याकडनं न्हाई आलं, तवा कुणी ऐकलं न्हाई. आता मी म्हणतेय माझ्याकडनंच आलं, तर आता बी ऐकत न्हाई तुमी! माझ्या एका तरी बोलण्यावर इश्वास ठिवा की!

अंगदनी हात जोडले होते माझ्यापुढं, तिथंच बाकड्यावर, लोक बघत होते. म्हणले, वर्षा, आईला कळू देऊ नको. ती जगायची न्हाई. तू अजून थोडं सोस. — थोडं सोस! मला इतका राग आला, मी डबा तसाच ठिवून उठून गेले. तुझी आई ती आई, आन मी कोण? पण एसटीत बसल्यावर... काय सांगू. मला संस्कृती दिसली. उद्या कुणी मला म्हणलं, तुझ्याच अंगातनं लेकीला गेलं, तर मी काय करीन? मंग ठरवलं, न्हाई सांगायचं. तुमचा राग तर लई हाय मला, अजून हाय, त्यो जात न्हाई. पण हे न्हाई सांगायचं. आन बगा, तुमी दारात काय आलाव, घटकाभरात सगळं ओकून बसले.

आता काय? आता परत झाकता येत न्हाई. मी झाकलं असतं, खरं सांगते, आत्ता बी झाकलं असतं, तुमाला शप्पथ घालून सांगितलं असतं की नळ्या बदलल्या. पर रोहिणीच्या पोटात लेकरू हाय. कितवा चाललाय? आठवा? आठवा लागलाय आन तुमी हिच्या-तिच्या जेवणाची चौकशी करत एसटीनं फिरताय! कुणाकुणाला सांगितलंय? — रोहिणीला तरी सांगितलंय का? न्हाई? तिलाच न्हाई सांगितलं? तिच्या आईबापांना? ... डोहाळजेवण करून गुपचूप माहेरी धाडायची, आसा बेत हाय ना? मामांचा? तिथल्या गावात बाळंत होईल, आन मंग कधी कळलंच तर म्हणायचं, हिच्या बी माहेरच्या रक्तानं घर नासलं. बोला, आसाच बेत हाय का न्हाई?

रडू नका. आत्याबाई, रडायला फुरसत न्हाई, हिकडं बघा. माझ्याकडं बघून ऐका. भाऊजींना असणार. त्यांचं रक्त कुणी बघितलं न्हाई, म्हून मी नक्की न्हाई म्हणत, पर असणारच, आन ते तिला गेलं. त्यांना काय होत न्हाई, दुखत न्हाई, खुपत न्हाई — अंगदना तरी कुठं दुखत होतं? ते वर्षानुवर्षं चूप बसून राहतं आन आतनं लिव्हर खातं. त्यांना धरून न्या तपासायला, मामांना सांगा, न्हाई तर सांगू नका, तुमी आई हाव, कान धरून न्या. आन रोहिणीला उद्याच्या उद्या त्या म्याडमकडं. तिला आता गोळ्या सुरू करतात, म्हंजी तिच्या अंगात त्यो कमी होतो. आन बाळंतपण तिच्या माहेरी न्हाई. रीत-बीत न्हाई काढायची. थोरल्या दवाखान्यातच, कारण बाळ बाहेर आलं की लगेच त्याला दोन इंजेक्शनं द्यावी लागतात — एक संस्कृतीला दिलं ते, आन दुसरं एक, ते सगळीकडं नसतं, आधी सांगून मागवून ठेवावं लागतं. दोन्ही वेळेवर बसली तर लेकरू वाचतं. म्याडमनी सांगितलंय मला, मी खोदून खोदून इचारलंय, मला वाटलं होतं मला अजून एक होईल... असू द्या ते. ध्यानात राह्यलं का? म्हणून दाखवा. गोळ्या आता. बाळंतपण थोरल्या दवाखान्यात. दोन इंजेक्शनं, लगेच. हां.

आन तुमी सवताला कोसू नका. तुमी काय मुद्दाम केलं? तुमाला कुठनं आलं ते कुणाला ठावं — तुमच्या आईकडनं आलं आसंल, न्हाई तर त्या काळी एकाच सुईनं सगळ्या वस्तीला टोचायचे त्यातनं. तवा हे बाळाचं इंजेक्शन बी न्हवतं हितं. तुमच्या आईला तरी कुणी सांगितलं होतं? चूक त्या विषाणूची, तुमची न्हाई. तुमची चूक येगळी हाय. ती मी इसरणार न्हाई — ओट्यावर बसवून रक्त घेतलं ती, 'माहेरचं रक्त' म्हणलाव ती. ती तुमची. ह्यातली न्हाई.

काय म्हणलाव?

मुक्ता...

मुक्ताताईंना मी बघितलं न्हाई, आत्याबाई. मी लग्न होऊन यायच्या आधीच तुमची थोरली लेक गेलेली, मला भिंतीवरचा फोटोच ठावं. तुमीच सांगायच्या, पोटात पाणी झालं, डोळे हळदीवानी पिवळे, सासरच्यांनी येळेवर दाखवलं न्हाई. तिच्या सासूला तुमी अजून शिव्या देता. ... मला कशाला इचारताय? मी कोण सांगणारी? बरं, खोटं कावून बोलू — इचारलं होतं म्याडमला. अंगद तोंड धुवायला गेलते तवा हळूच इचारलं. त्या म्हणल्या, ज्याचं रक्त आपल्याकडं न्हाई, त्याचं आपण काय बी म्हणू शकत न्हाई. मिळवून बघायला काय तरी असावं लागतं. मुक्ताताईंचं काय हाय आता? रक्षा बी बिंदुसरेच्या पाण्यात गेली. मंग झालं तर. कुणालाच म्हणता येत न्हाई — मला न्हाई, म्याडमला न्हाई, आन तुमाला बी न्हाई. ऐकलं का? तुमी बी म्हणायचं न्हाई. ह्या एका गोष्टीचा निकाल न्हाई, तर न्हाई. न्हाईच.

उठा आता. तोंडावरनं पाणी फिरवा, उन्हानं आधीच लाल झालंय. चारची गाडी मिळंल, दादाला सांगते फाट्यापर्यंत सोडायला. घरी? आज? न्हाई, घरी न्हाई येणार मी. ज्या ओसरीवरनं काढलं त्या ओसरीवर मामा बोलतील, तुमचा ल्योक मोबाईल खाली ठिवून बोलंल, तवा बघू. पर उद्या दवाखान्यात येते. रोहिणीला घेऊन या, मी दाराशी उभी राहीन; आत एकटीला घाबरल्यावानी होतं, मला झालतं. तिला तुमीच सांगा रातच्याला, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. आन — हे काय? हे काय करताय? पाय सोडा. आत्याबाई, पाय सोडा म्हणते ना, वहिनी बघतीय. उठा. काय बोलू नका आता. काय एक बोलू नका. जा.